खुब्यात कळ येते, सांधा मध्येच अडकतो, पण एक्स-रे नॉर्मल. सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस असू शकतो का?

हो, असू शकतो. या आजारात सांध्याच्या आतल्या अस्तरात कूर्चेच्या (हाडांच्या टोकांवर असते तशा मऊ, गुळगुळीत थराच्या) गाठी तयार होतात आणि पुढे सुटून सांध्यात फिरू लागतात. त्यांच्यात कॅल्शियम साचलं असेल तरच त्या एक्स-रेवर दिसतात. नुसत्या कूर्चेच्या असतील तर फिल्म स्वच्छ येते आणि पेशंट महिनोन्महिने 'स्नायू आखडलाय' म्हणून शेक घेत बसतो. म्हणून एमआरआय हवाच. सांध्यात डाय सोडून केला तर साबुदाण्याएवढे कणही उठून दिसतात.

दुखणं बहुतेकदा जांघेत असतं, कधी गुडघ्यापर्यंत उतरतं. मांडी आतल्या बाजूला वळवताना जास्त जाणवतं. तिशी ते पन्नाशीतल्या पुरुषांत प्रमाण अधिक.

गोळ्यांनी हे कण विरघळत नाहीत. दुर्बिणीतून किंवा सांधा उघडून ते काढावे लागतात. माझ्या मते सर्जनला एक प्रश्न नक्की विचारा: फक्त कण काढणार की अस्तरही? मिलग्रॅम या अस्थिरोगतज्ज्ञांनी १९७७ मध्ये या आजाराचे तीन टप्पे मांडले. पहिल्या दोन टप्प्यांत अस्तर अजून गाठी बनवत असतं, तेव्हा ते तसंच ठेवलं तर आजार पुन्हा होऊ शकतो. कूर्चा पार झिजली असेल तर मात्र सांधा बदलण्याचाच विचार होतो.

काढलेला ऊतक बायोप्सीला पाठवतातच. कर्करोगात रूपांतर क्वचित, पण होतं.