अंकाबाहेरचं मासिक

जीवनशैली विषयांवरच्या मासिकांना छापील अंकापलीकडे नेऊ पाहणाऱ्यांच्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : घर, पेहराव, प्रवास असे विषय असलेलं मासिक आम्ही चालवतो. खप घटतोय. वेबसाइट, पॉडकास्ट, कार्यक्रम, स्वतःच्या नावाच्या वस्तू हे सगळं एकदमच सुरू करावं का?

नको. चार माणसांच्या संपादकीय विभागावर चार नवी कामं पडली की आधी अंकच रखडतो. वर्षभरात आलेली पत्रं, मेल आणि फोनच्या नोंदी काढा आणि त्यांचे तीन गठ्ठे करा : ‘हे कुठे मिळेल?’, ‘हे कसं करायचं?’ आणि ‘आम्हालाही यायचंय’. पहिला गठ्ठा जाड निघाला तर वस्तू, दुसरा निघाला तर कार्यशाळा किंवा व्हिडिओ, तिसरा निघाला तर कार्यक्रम. एकाच गठ्ठ्यापासून सुरुवात करा आणि निदान चार अंक निघेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका.

वाचक अंक हातात घेऊन आधीपासूनच जे करत असतो, तिथेच मासिकाचं नाव चालतं. ‘टाइम आउट’ हे मासिक १९६८ मध्ये लंडनमध्ये निघालं ते शहरात कुठे काय चाललंय हे सांगायला. त्याच्या शब्दावर लोक घराबाहेर पडतच होते. त्यामुळे २०१४ मध्ये लिस्बनच्या जुन्या मंडईत संपादकांनी निवडलेल्या खाद्यगाळ्यांचा बाजार त्याच नावाने भरला, तेव्हा हे नाव इथे कसं, असं वाटायचं कारण नव्हतं. ‘गुड हाउसकीपिंग’ या घरसंसारावरच्या अमेरिकी मासिकाने तर १९०० मध्येच वस्तू तपासणारं केंद्र काढलं आणि १९०९ मध्ये तपासणीत उतरलेल्या वस्तूंसाठी आपला शिक्का आणला. आधी तपासणी, मग शिक्का. हा क्रम उलटा केलेला फार वेळा दिसतो.

प्रश्न : जुन्या अंकांच्या पीडीएफ साइटवर टाकल्या. लोक एकदोन पानं पाहून निघून जातात. असं का?

मोजपट्टी लावून पाहा. ए-४ पान २१० मिलिमीटर रुंद, फोनचा पडदा साधारण ७०. म्हणजे ९ पॉइंटची (पॉइंट हे अक्षरांच्या आकाराचं माप) अक्षरं ३ पॉइंटची होतात. वाचायचं तर पान मोठं करून डावीउजवीकडे सरकवत बसावं लागतं, आणि दोन स्तंभांच्या पानावर तेही धड जमत नाही. अंक सुटा करून लेख एकेक टाका. फोटो छपाईच्या सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या) फाइलमधून तसेच उचलू नका, रंग फिके किंवा भडक दिसतात. छायाचित्रकाराची मूळ फाइल मागा आणि एसआरजीबीत, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगपद्धतीत, रूपांतर करून चढवा.

पण त्याआधी हक्क तपासा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये टासिनी खटल्यात ठरवलं, की मुक्त लेखकांचे छापून आलेले लेख त्यांच्या परवानगीशिवाय इलेक्ट्रॉनिक संग्रहात घालता येणार नाहीत. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण घोटाळा तोच असतो : करार एका छपाईचा, वापर कायमचा. तक्ता करा : लेख, लेखक, छायाचित्रकार, कोणत्या माध्यमाचा करार, मुदत किती. ज्याचा कागद सापडत नाही तो लेख बाजूला ठेवा. ज्यांच्या घराचे फोटो छापले त्यांनाही पुन्हा विचारा. छापील अंक रद्दीत जातो, साइटवरची बैठकीची खोली मात्र वर्षानुवर्षं शोधली की सापडते.

प्रश्न : ‘आमची निवड’ यादीत पैसे घेऊन नाव घालावं, असं जाहिरातदार म्हणतात. काय करावं?

घालू नका. त्यांना वेगळं पान विका आणि माथ्यावर ‘जाहिरात’ हा शब्द मजकुराइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा.

प्रश्न : वर्गणीदारांना मेलने साप्ताहिक पत्र पाठवतो. ते स्पॅममध्ये जातं. उघडणाऱ्यांचा आकडा मात्र चांगला दिसतो!

त्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. पत्रातलं चित्र उतरलं की पत्र उघडलं, असं तो धरतो. २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची अशी सोय आहे, की ती चालू असली तर पत्रातली चित्रं आपोआप आधीच उतरवून घेतली जातात आणि न उघडलेलं पत्रही उघडलेलं मोजलं जातं. दुव्यांवरचे क्लिक आणि आलेली उत्तरं मोजा.

स्पॅमसाठी डोमेनच्या, म्हणजे तुमच्या साइटच्या पत्त्याच्या, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी पाहा. मेल खरंच तुमच्याकडूनच आली, हे त्यांवरून पडताळलं जातं. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत. प्रचारकी मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढायची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. बहुतेक वेळा खोट यादीतच असते : अंक पोचवण्यासाठी घेतलेले पत्ते न विचारता साप्ताहिकाला जोडलेले असतात. गेल्या तीन महिन्यांत ज्यांनी क्लिक केलं त्यांनाच आधी पाठवा आणि बाकीच्यांना ‘हवंय का?’ असं एकदाच विचारा. यादी अर्धी झाली तरी होऊ द्या.

प्रश्न : एक कारखानदार आमच्या मासिकाचं नाव चादरी, पडदे आणि मेणबत्त्यांवर लावू इच्छितो. आमचं नाव नोंदलेलं आहे. करारात काय पाहावं?

नोंदलेलं आहे, पण कोणत्या वर्गात? ट्रेडमार्क नोंदताना वस्तू आणि सेवा ज्यात विभागतात त्या आंतरराष्ट्रीय नीस वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत. छापील मासिक १६ मध्ये, चादरी-पडदे २४ मध्ये, मेणबत्त्या ४ मध्ये. सोळाव्या वर्गातली नोंदणी चोविसाव्यात आपोआप पोचत नाही. पण म्हणून सगळेच वर्ग अडवून ठेवण्यातही अर्थ नाही. अनेक देशांत तीन ते पाच वर्षं वापर नसला, की नोंद रद्द करायची मागणी करता येते.

रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याचा मोबदला, बहुधा निव्वळ विक्रीवर ठरते, आणि सगळी मेख ‘निव्वळ’ या शब्दात असते. समजा १०० चा माल गेला आणि रॉयल्टी ६ टक्के. सूट १५, परत आलेला माल १०, जाहिरातखर्च ५ वजा केले, तर हिशेब ७० वर येतो आणि हाती ६ ऐवजी ४.२० पडतात. जाहिरातखर्च वजा करू देऊ नका आणि एकूण वजावटीला कमाल मर्यादा घाला. विक्री कितीही झाली तरी मिळेल अशी किमान हमीची रक्कम ठरवून ती तिमाही हप्त्यांत घ्या, म्हणजे नाव अडवून गप्प बसणं कारखानदाराला परवडणार नाही.

मंजुरी चार टप्प्यांत द्या : आरेखन, नमुना, पहिल्या उत्पादनातला नग, वेष्टन. उत्तराला दहा कामकाजाचे दिवस ठेवा आणि मौन म्हणजे नकार असं स्पष्ट लिहा. कारखानदाराच्या मसुद्यात हमखास उलटं असतं. मंजूर नमुन्याच्या दोन प्रतींवर सही-तारीख करून एक तुमच्याकडे ठेवा. माल बिघडतो तो पहिल्या खेपेत नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेत : सूत पातळ होतं, रंग बदलतो. खेप आली की नमुन्याशेजारी ठेवून एकदा उन्हात आणि एकदा घरातल्या दिव्याखाली पाहा, कारण एका उजेडात जुळणारे रंग दुसऱ्यात फारकत घेतात. ओल्या पांढऱ्या कापडाने दहा वेळा घासा. कापडावर रंग उतरला तर खेप परत. हे तपासायला माणूस नसेल तर नाव वापरायचा परवाना देऊच नका. तक्रारीचं पत्र कारखान्यात जात नाही, संपादकांच्या टेबलावर येतं.

करार संपतानाचंही आताच लिहून घ्या : शेवटच्या महिन्यात शिल्लक मालाची मोजणी, ती खपवायला ९० दिवस, आणि त्या काळात नवीन उत्पादन बंद. हे कलम नसलं तर मुदत संपायच्या तोंडावर गोदाम भरलं जातं आणि तुमच्या नावाच्या चादरी पुढे दोन वर्षं भरघोस सवलतीत विकल्या जातात.