सूर्यावरची ती सोनेरी वेटोळी

प्रश्न : मुलासाठी छोटी दुर्बीण आणि सोलर फिल्टर घेतला. गच्चीवरून सूर्याचे डाग छान दिसतात. पण मोबाइलवरच्या फोटोंतली सोनेरी वेटोळी आणि उसळणाऱ्या ज्वाळा काही दिसत नाहीत. ‘‘आई, काहून दिसून नाही राहिल्या?’’ असं तो रोज विचारतो. दुर्बीण कमी पडते का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, दुर्बिणीत काहीच कमी नाही. सूर्याचं प्रभामंडल, म्हणजे करोना, त्याच्या झगझगीत तबकडीपेक्षा सुमारे दहा लाख पट फिकं असतं. तुमचा फिल्टर तबकडीचाच प्रकाश लाखभर पटीने कमी करतो, मग प्रभामंडलाचं काय उरणार? फिल्टर काढून तर बघायचंच नाही. त्यातून मे महिन्यात आपल्याकडे धुळीने सूर्याभोवतीचं आकाश कसं पांढुरकं होतं, ते तुम्ही पाहता. त्या उजेडात प्रभामंडल बुडूनच जातं. हायड्रोजनचा ठरावीक लाल प्रकाशच आत घेणारी हायड्रोजन-अल्फाची खास दुर्बीण घेतली तर कडेच्या ज्वाळा गच्चीवरूनही दिसतात, पण ती फार महाग पडते. आणि एक बजावून सांगते : फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच हवा. डोळ्याच्या बाजूला लावायची काळी काच सोबत आली असेल, तर ती आजच फेकून द्या. उष्णतेने ती तडकते आणि डोळा जातो.

खग्रास ग्रहणात चंद्र तबकडी झाकतो, तेव्हा मात्र प्रभामंडल नुसत्या डोळ्यांनी दिसतं. २४ ऑक्टोबर १९९५ला मी ते डायमंड हार्बरला पाहिलं. मिनिटभरच, पण त्याचा आकार अजून डोळ्यांपुढे आहे : दोन्ही बाजूंना लांब पांढरे पिसारे, ध्रुवांकडे आखूड बारीक रेघा. सूर्य तेव्हा शांत होता. चुंबकीय क्षेत्र नीटनेटकं असलं की पिसारे विषुववृत्ताच्या बाजूलाच निघतात. तो खवळलेला असताना, ८ एप्रिल २०२४च्या अमेरिकेतल्या ग्रहणासारखे, ते चहूबाजूंनी फुटतात. प्रभामंडलाचा आकार चुंबकत्वच ठरवतं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा खरं समजलं.

म्हणून मुलाला सांगा, त्या ज्वाळा नाहीतच. तिथे काही जळत नाही. पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, आणि वरचं प्रभामंडल दहा-वीस लाख अंशांचं. ते इतकं का तापतं, याचं पुरतं उत्तर अजून मिळालेलं नाही. एवढ्या तापात वायू विद्युतभारित होतो आणि चुंबकीय रेषांना धरूनच वाहतो. सोनेरी चित्रातलं वेटोळं म्हणजे अशी उजळलेली रेषा. तिची दोन्ही टोकं बहुधा डागांच्या आसपास रोवलेली असतात. त्या चित्रांत नासाच्या एसडीओ या सूर्यावर नजर ठेवणाऱ्या यानाने टिपलेला १७१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा अतिनील प्रकाश असतो, सुमारे सहा लाख अंशांच्या लोखंडातून निघालेला. आपली हवा तो खाली येऊच देत नाही, म्हणून दुर्बीण अवकाशातच हवी. सोनेरी रंगही आपण दिलेला.

उद्रेक कसा होतो, ते सुतळीवर दाखवा. दोन्ही टोकं जरा सैल धरून पीळ देत गेलात की एका क्षणी ती मधूनच उसळून वेटोळं घेते. सूर्याच्या पृष्ठभागाखालची हालचाल रेषांना असाच पीळ देत असते. पुढे रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात, साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि अब्जावधी टन वायू सेकंदाला शेकडो, कधी दोन-तीन हजार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. मे २०२४मध्ये एकाच डागसमूहातून असे लोट एकामागून एक पृथ्वीवर आले आणि लडाखमध्ये हानले इथलं आकाश ध्रुवीय प्रकाशाने लाल झालं.

हे तुम्हाला नागपुरात बसून बघता येतं. सकाळी गच्चीवरून डाग कागदावर काढा. मग एसडीओची त्याच दिवसाची चित्रं उघडा, फुकट असतात. डागाच्या डोक्यावर वेटोळी सापडतील. ३०४ अँगस्ट्रॉमच्या लालसर चित्रात तबकडीवर काळी, नागमोडी रेघ दिसली तर तिच्यावर रोज नजर ठेवा. ती चुंबकीय रेषांनी तोलून धरलेल्या थंड वायूची असते. कधी ती अचानक नाहीशी होते आणि मागे तेजस्वी कमानींची रांग उरते : उद्रेक झाला. लगेच सोहो या दुसऱ्या सौरयानाच्या कॉरोनाग्राफची चित्रं बघा. तबकडी झाकून कृत्रिम ग्रहण करणारं हे यंत्र बर्नार लियो यांनी १९३१च्या सुमारास फ्रान्समध्ये बांधलं. लोट एका बाजूला गेला तर बहुधा आपल्याला धोका नाही. तबकडीभोवती पूर्ण कडं फुगत गेलं, तर तो थेट आपल्याकडे येतोय, नाहीतर बरोबर उलट दिशेला गेलाय. तबकडीवर उद्रेक दिसला होता का, यावरून ते ठरवा. मोठ्या उद्रेकानंतर त्या चित्रांवर पांढरे ठिपके भुरभुरतात. ते कॅमेऱ्यावर आदळणारे सौरकण.

आपलं आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून हेच करतंय. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बांधलेला त्याचा कॉरोनाग्राफ सूर्याच्या कडेच्या अगदी जवळपर्यंत बघतो. लोट सुटतो तो तिथेच, म्हणून मला त्याच्याकडून फार आशा आहे.

प्रश्न : सूर्यावर उद्रेक वाढले की नागपूरचा उन्हाळा वाढतो का?
– एक वाचक, कामठी

उत्तर : नाही, दादा. सूर्य शांत होतो, पुन्हा खवळतो, त्या साधारण अकरा वर्षांच्या चक्रात त्याच्या एकूण तेजात ०.१ टक्क्याच्या आसपासच फरक पडतो. आपला नवतपा तापतो तो मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो म्हणून, आणि समुद्र लांब व जमीन कोरडी म्हणून.