युनोचं पत्र आलंय, 35,000 भरू का?

प्रश्न: आमची बायकांची छोटी संस्था आहे, गोधड्या नि कापडी पिशव्या शिवतो. मागच्या आठवड्यात ईमेल आला की संयुक्त राष्ट्रांनी आम्हाला 'पार्टनर' म्हणून निवडलंय, सर्टिफिकेट मिळेल, लोगो वापरता येईल, फक्त 35,000 रुपये प्रोसेसिंग फी आठ दिवसांत भरा. खाली सही, शिक्का, निळा लोगो सगळं आहे. मुलगा म्हणतो फ्रॉड, अध्यक्षबाई म्हणतात लक्ष्मी दारात आलीय. काय करू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: ताई, पोराचं ऐका. अर्ज न करता युनो कुणाला घरी येऊन निवडत नाही, आणि अर्ज केलाच तरी फी नसते. गोधड्या विकायच्या तर यूएनजीएम नावाचं पोर्टल आहे, नोंदणी फुकट, टेंडर तिथंच लागतात (पण ऑर्डरी मोठ्या असतात, पन्नास गोधड्यांचं काम नाही ते). सोबत समाजकार्य करायचं असेल तर यूएन पार्टनर पोर्टल वेगळं, तिथं युनिसेफसारख्या संस्था कामाची जाहिरात टाकतात, आपण प्रस्ताव द्यायचा, मग हिशोब, ऑडिट, आधीचं काम सगळं तपासतात.

तिसरा प्रकार म्हणजे सल्लागार दर्जा, म्हणजे युनोच्या बैठकांना हजर राहून आपलं म्हणणं मांडायची संस्थांना मिळणारी मुभा; तिच्या नावावरही असली पत्रं फिरतात. त्याचे अर्ज 19 देशांची समिती तपासते, न्यूयॉर्कला, तिच्या शिफारशीनंतर अंतिम निर्णय युनोची आर्थिक व सामाजिक परिषद घेते, आणि समितीतल्या एखाद्या देशानं प्रश्न विचारला की अर्ज गेला पुढच्या बैठकीला. दलितांच्या हक्कांवर काम करणाऱ्या इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्कचा अर्ज असाच 15 वर्षं लोंबकळला, आपल्याच भारत सरकारकडून प्रश्नांवर प्रश्न, शेवटी डिसेंबर 2022 मध्ये दर्जा मिळाला. आणि तुम्हाला म्हणे आठ दिवसांत! बरं, हा दर्जा मिळाला तरी पैसे मिळत नाहीत, नि लोगो तर नाहीच नाही, त्याच्या वापरावर 1946 सालच्या ठरावापासून बंधनं आहेत.

ईमेल पाठवणाऱ्याचं नाव बघू नका, पूर्ण पत्ता उघडून बघा, जीमेलचा निघाला तर विषयच संपला. पण पत्ता बरोबर दिसला तरी फी मागितली म्हणजे खोटंच समजा.

आणि अध्यक्षबाईंना आजच विचारा, उत्साहात आधीच काही भरून तर बसल्या नाहीत ना. भरले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम हाताबाहेर जाते.