वर्षाला ३ हजार किमी चालणाऱ्या स्कॉर्पिओला सर्व्हिसिंग कशाला?

प्रश्न : दादा, आमच्याकडे २०११ ची स्कॉर्पिओ आहे, एमहॉक डिझेल इंजिनची. बाबांनी घेतलेली, आता आमच्याकडे असते. रनिंग १ लाख ३८ हजार. पूर्वी खूप चालायची, आता वर्षाला जेमतेम ३ हजार किमी, म्हणजे गणपतीला चिपळूण आणि अधूनमधून लग्नकार्य, बाकी शेडमध्येच. गॅरेजवाला म्हणतो दर वर्षी ऑइल बदला, आमचे मिस्टर म्हणतात १० हजार झाल्याशिवाय बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, यावेळी गॅरेजवाल्याचं ऐका. मिस्टरांना राग येईल पण गाडीचं मॅन्युअल काढा आणि त्यांच्यासमोर ठेवा, सर्व्हिसच्या तक्त्यात किमीच्या शेजारी महिने पण छापलेले असतात आणि दोन्हीपैकी जे आधी भरेल ते धरायचं असतं. किमी सगळे वाचतात, महिने कोणी वाचत नाही.

आता कारण सांगतो. शेडमधून काढली, बाजारात नेली, २ किमीवर परत आणली, यात इंजिन नीट तापतच नाही. जळताना तयार होणारी वाफ आणि थोडं न जळालेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि लांबच्या रनिंगला ते जसं उडून जातं तसं इथे जात नाही, तिथेच राहतं. वर काजळी आहेच. असं ऑइल १० महिने आत बसलं की किमी कितीही असोत ते जुनंच झालं. आणि तुमच्या गाडीला टर्बो आहे, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा, त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि तो फक्त ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल आणि फिल्टर वाचवून टर्बो घालवायचा हा हिशेब मला तरी जमत नाही.

पण खरं सांगू का, तुमच्या पत्रात मला ऑइलपेक्षा जास्त काळजी वाटली ती चिपळूणची. कराडहून जाणार म्हणजे कुंभार्ली घाट, पावसाचे दिवस, गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली, वर कॅरिअर. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंय? बहुतेक आठवणार नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी उभी असली तरी ओढतं. डॉट ४ दर्जाचं नवीन ब्रेक ऑइल २३० अंशाला उकळतं, तेच पाणी प्यायलं की १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिलं की चाकाजवळ तेवढी उष्णता सहज होते, मग आत वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. माझ्या जुन्या गाडीत एकदा झालंय असं, उतरताना पेडल ओल्या स्पंजासारखं खाली गेलं, हँडब्रेक आणि दुसरा गिअर यांच्या जिवावर कडेला घेतली. नंतर बाटलीचं झाकण उघडून बघितलं तर आतलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट. नवीन असतं ते जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ, हलकं पिवळट. दर २ वर्षांनी बदलायचं, चारही चाकांजवळच्या ब्रेकच्या नळीतली हवा काढून, नुसतं वरून टॉपअप नाही. आणि घाटात ज्या गिअरला चढता त्याच गिअरला उतरायचं, जुने ड्रायव्हर सांगतात ते बरोबरच आहे.

दुसरं, डिझेल फिल्टर. फिल्टरच्या खाली पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळा संपला की गॅरेजवाल्याला एक काचेची बरणी द्या आणि म्हणा यात काढ. ५ मिनिटं ठेवली की बघा, पाणी असेल तर खाली वेगळं बसतं आणि वर डिझेल, मधली रेघ स्पष्ट दिसते. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या कॉमनरेल इंजेक्टरमध्ये डिझेल हजार बारच्या वर प्रेशरने जातं, तिथे हे पाणी गेलं तर काय होईल ते मिस्टरांना विचारा. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत आतून घाम येतो.

टायर पण बघा, नक्षी चांगली आहे म्हणून फसू नका. बाजूला डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी ४ आकडे असतात, २३१६ असेल तर २०१६ सालचा २३ वा आठवडा. तसा टायर दिसायला नवा वाटला तरी मी माझ्या माणसांना घेऊन त्यावर घाट उतरणार नाही. स्टेपनीवरचा आकडा वाचायला विसरू नका, ती बहुतेक गाडीसोबत आलेलीच असते.

कूलंट, फॅन बेल्ट, होसपाइप, सस्पेन्शनचे बुश, यातलं बरंचसं रबर आणि रसायन, ते किमी मोजत नाही. मागच्या एक्सलमधल्या डिफरन्शियलचं, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचं, ऑइल तर लोक विसरूनच जातात कारण ते दिसत नाही.

आणि हो, आठवड्यातून एकदा नुसती स्टार्ट करून ५ मिनिटं ठेवू नका, त्याने उलट वर सांगितलेली वाफच वाढते. १५-२० किमी मोकळ्या रस्त्याला फिरवून आणा. बाबांना घेऊन जा, त्यांनाही बरं वाटेल.

प्रश्न : बोलेरो आहे, २००९ ची, शेतावरून येजा. चालताना मागून कर्र कर्र आवाज येतो आणि निघताना एकदम खट्ट होतं. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स खोलावा लागेल.
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : थांबा, आधी गाडीखाली जा. कर्र कर्र बहुतेक मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं असतं, चिखल सुकून पाट्यांमध्ये बसला की बोलायला लागतात, स्वच्छ धुऊन शॅकलचे, म्हणजे पाट्या जिथे लटकतात तिथले, बुश बघून घ्या. खट्ट आवाजासाठी प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलला जाणाऱ्या लांब दांड्याचे, क्रॉस म्हणजे सांधे बघा. चाकाला दगड लावून, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडून शाफ्ट हाताने इकडून तिकडे फिरवा, क्रॉसमध्ये ढिलाई असेल तर हाताला लगेच कळते. क्रॉसला ग्रीस भरायचे निपल असतील तर ग्रीस गनने नवीन ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत मारा. चिखलातून, ओढ्यातून जाणाऱ्या गाडीला तर पावसाळाभर ग्रीसिंग वरचेवर लागतं. हे करून आवाज गेला नाही तर मग गिअरबॉक्सचं बोलू.

प्रश्न : सेकंडहँड डस्टर डिझेल घेतोय, रनिंग कमी आहे, इंजिन मस्त वाजतं. काय बघू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा, कधी बदलला त्याचं बिल बघा. तोंडी नको, बिल. वरच्या ताईंच्या स्कॉर्पिओला चेन आहे, या १.५ डिझेलला बेल्ट, आणि तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन आदळतात, मग इंजिन मस्त वाजायचं राहत नाही. बेल्टलाही किमी आणि वर्षं दोन्ही मर्यादा असतात, त्यामुळे कमी रनिंगची फुशारकी इथे चालत नाही. बिल नसेल तर बेल्ट, तो ताणून ठेवणारा टेन्शनर आणि वॉटरपंप एकत्र बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

प्रश्न : उंदीर वायरिंग खातात, बॉनेटमध्ये तंबाखू ठेवली तर चालते का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आमच्याकडच्या उंदराने तंबाखूच्या पुडीशेजारीच घरटं केलं होतं. गाडी चालवत राहा, शेडमधलं धान्याचं पोतं हलवा आणि रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवून बघा, अंधारी उबदार जागा मिळाली नाही की ते दुसरीकडे जातात.

प्रश्न : १५ वर्षं होत आली, पासिंगला काय लागतं? लोक म्हणतात भंगारात द्यावी लागेल.
— एक वाचक, बारामती

उत्तर : दिल्लीकडचा नियम ऐकून लोक इथे घाबरवतात. आपल्याकडे खाजगी गाडीला १५ वर्षांनी फिटनेस दाखवून ५ वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करता येते. फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५ हजार झाली, शिवाय जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स वेगळा. मुदत संपायच्या आधीच अर्ज करा आणि जायच्या आधी हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हँडब्रेक, पीयूसी आणि इन्शुरन्स बघून ठेवा, माझ्या ओळखीचा एक जण नुसत्या बंद पडलेल्या रिव्हर्स लाइटसाठी दुसऱ्यांदा गेलाय, बल्ब होता ३० रुपयांचा.