फोनवर साइट उघडेपर्यंत ग्राहक निघून जातात, होस्टिंग बदलू का?

प्रश्न : माझा फर्निचर बनवून विकायचा व्यवसाय आहे. साइट वर्डप्रेसवर आहे, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर झटकन उघडते पण ग्राहक म्हणतात फोनवर चार-पाच सेकंद नुसती पांढरी स्क्रीन, मग अक्षरं येतात आणि फोटो तर हळूहळू वरून खाली उतरत बसतात. साइटचा वेग मोजायच्या गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स टूलवर मोबाईलचा स्कोअर 100 पैकी 31 आला. साइट बनवणारा म्हणतो होस्टिंग बदला, म्हणजे साइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलीय ती. मी कॅशिंगचे दोन प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्राम) टाकून बघितले, फरक नाही. काय करू?

उत्तर : थांबा, होस्टिंगवर लगेच पैसे घालू नका. तुम्ही प्रश्नातच अर्धं उत्तर दिलंय, कारण काय उशिरा दिसतं यावरूनच दुखणं कुठं आहे ते कळतं.

आधी ऑफिसचं सांगतो. तिथं साइट फास्ट वाटते कारण तुमच्या ब्राउझरने फोटो, फाँट वगैरे सगळं आधीच साठवून ठेवलंय, नवीन माणसाकडे यातलं काहीच नसतं. म्हणून टेस्ट करायची तर कोणाचातरी तीन-चार वर्षं जुना फोन घ्या, वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर इनकॉग्निटो विंडोत साइट उघडा आणि शांतपणे बघत बसा, काय आधी येतंय काय नंतर.

आता ती पांढरी स्क्रीन. तिची कारणं मुख्यतः दोन. एक म्हणजे सर्व्हरच उशिरा बोलतो. पेजस्पीडच्या रिपोर्टमध्ये टीटीएफबी म्हणून आकडा असतो, म्हणजे सर्व्हरकडून पहिला बाइट यायला लागलेला वेळ, तो 800 मिलिसेकंदांच्या आत असेल तर ठीक. दोन-तीन सेकंद असेल तर तुमच्या माणसाचं म्हणणं बरोबर असू शकतं, पण तेव्हाही आधी कॅशिंग नीट चालतंय का बघा. वर्डप्रेस दर भेटीला डेटाबेसमधून माहिती काढून पान नव्याने बनवतं, कॅशिंग ते तयार पान ठेवून देतं, एवढंच त्याचं काम. त्यासाठी एकच प्लगइन पुरतो, दोन ठेवले की एकमेकांच्या कामात पाय घालतात, तर एक आजच काढून टाका.

दुसरं कारण म्हणजे पानाच्या सुरुवातीलाच लावलेल्या सीएसएस (पानाचं रूप ठरवणाऱ्या) आणि जावास्क्रिप्टच्या (पानावरची कामं चालवणाऱ्या, म्हणजेच स्क्रिप्ट) फाइल्स, त्या येऊन वाचून होईपर्यंत ब्राउझर स्क्रीनवर काहीच काढत नाही. स्लायडर, चॅटचा डबा, पॉपअप, इन्स्टाग्रामची पट्टी, कधीतरी टाकून विसरलेले ट्रॅकिंग कोड, हे सगळं यातच येतं. आणि एक लक्षात घ्या, 200 केबीचा फोटो आणि 200 केबीची स्क्रिप्ट यांचं ओझं सारखं नसतं, फोटो फक्त उतरवून दाखवायचा असतो पण स्क्रिप्ट फोनच्या प्रोसेसरला चालवावी लागते आणि साध्या फोनचा दम तिथंच निघतो. मग बटण दाबलं तरी साइट हलत नाही. त्यामुळे जे लागत नाही ते काढाच, डिअॅक्टिव्हेट करून बघा आणि काही अडलं नाही तर डिलीट करा. उरलेल्या स्क्रिप्टना डेव्हलपरला डिफर लावायला सांगा, म्हणजे पान बनायचं काम त्यांच्यासाठी अडून राहत नाही.

फोटोंचं काम मात्र तुम्ही स्वतः करू शकता आणि फर्निचरच्या साइटवर फोटोच तर सगळं असतं. फोनवर काढलेला फोटो साधारण 4000 पिक्सेल रुंद, चार-पाच एमबीचा, तो तसाच अपलोड होतो आणि ग्राहकाच्या स्क्रीनवर दिसतो 400 पिक्सेलच्या चौकटीत! लाकडाच्या रेषा नीट दिसायला 1200 ते 1600 पिक्सेल भरपूर झाले, वेबपी या फोटो हलका करणाऱ्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केला तर तोच फोटो बऱ्याचदा 200 केबीच्या आसपास येतो. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावा, म्हणजे माणूस खाली सरकत जवळ आला की मगच ते उतरतात, पण वरच्या मुख्य फोटोला चुकूनही नको. ही चूक मी सारखी बघतो, प्लगइन सरसकट सगळ्यांना लेझी करून टाकतो आणि जो फोटो सगळ्यात आधी हवा तोच ब्राउझर मागे ठेवतो. प्रत्येक फोटोला रुंदी-उंची दिलेली असू द्या, नाहीतर फोटो आला की मजकूर खाली उडी मारतो आणि माणूस भलतंच बटण दाबतो.

साइट मराठीत असेल तर फाँटही बघा, जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटच्या फाइल्स जड असतात. रेग्युलर आणि बोल्ड एवढे दोनच ठेवा, फाँट-डिस्प्ले स्वॅप लावा म्हणजे तो येईपर्यंत फोनमधल्या साध्या फाँटमध्ये अक्षरं दिसत राहतात.

प्रश्न : स्कोअर 100 झालाच पाहिजे का? गूगलमध्ये त्यामुळे वर येऊ का?

उत्तर : नाही हो, त्याच्या मागे लागू नका. तो स्कोअर मध्यम फोन आणि स्लो नेट गृहीत धरून काढलेला असतो. तुम्ही तीन आकडे धरा : मुख्य भाग दिसायला 2.5 सेकंद, टॅपला प्रतिसाद 200 मिलिसेकंद, आणि पानावरच्या मजकुराच्या उड्यांचा आकडा 0.1, तिन्ही याच्या आत हवेत, तेही किमान चारपैकी तीन भेटींत. गूगलने मोबाईल सर्चमध्ये वेग 2018 पासून धरलाय हे खरं, पण पानावर काय लिहिलंय याचं वजन जास्त आहे, नुसत्या वेगाने कोणी वर जात नाही.

प्रश्न : सगळं दुरुस्त करून आठवडा झाला, रिपोर्टमध्ये वरचे आकडे लालच आहेत. काही चुकलं का?

उत्तर : वरचा भाग खऱ्या लोकांच्या मागच्या 28 दिवसांच्या भेटींवरून बनतो, त्यात अजून तुमचे जुने दिवस मिसळलेले आहेत, तर महिनाभर धीर धरा. खालचा टेस्टचा भाग मात्र त्या क्षणी मोजलेला असतो, तो तीन-चार वेळा चालवा आणि मधला आकडा धरा, तो सुधारला असेल तर तुमचं काम बरोबर झालंय.