माणसं वाढली, काम का अडलं?

प्रश्न: सर, टिळकवाडीत आमची छोटी कंपनी आहे, दुकानांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करतो. 6 जण होतो, आता 14 झालोय, पोरं खानापूर-निपाणीकडची, हुशार आहेत, तरी रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, पूर्वीपेक्षा उशिरा जातंय. अजून माणसं घेऊ काय? – एक वाचक, बेळगाव

उत्तर: लगेच घेऊ नका हो. अमेरिकन संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्सनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर अजून वाढतो, कारण नव्याला शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो आणि एकमेकांना सांगणं-विचारणंही वाढतं. हिशोब बघा, 6 जणांत दोघादोघांच्या जोड्या 15, 14 जणांत थेट 91! मग कोड कधी लिहिणार?

सात-सातच्या दोन टीम करा, पण फ्रंटएंड (समोर दिसणारा भाग) इकडे, बॅकएंड (पडद्यामागचा भाग) तिकडे असं करू नका, बारीकसारीक बदलाला पण दुसऱ्या टीमची वाट बघत बसावं लागतं. बिलिंग पूर्ण एका टीमकडे द्या, स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत, टेस्टिंगसकट, आणि स्टॉक दुसरीकडे. रात्री नऊला गिऱ्हाईकाचा फोन आला, बिलात जीएसटी चुकतोय म्हणून, तर लॅपटॉप कुणी उघडायचा हे आधीच ठरलेलं पाहिजे.

आणि कोड चांगला लिहितो म्हणून सगळ्यात हुशार पोराला मॅनेजर करून टाकतात, हे मला अजिबात पटत नाही, आधी त्याला विचारा तरी! मीटिंगमध्ये मराठी-कन्नड मिसळून बोला की, पण ठरलं ते तिकिटात, म्हणजे त्या कामाच्या नोंदीत, लिहा, नाहीतर रजेवरच्याला काहीच कळत नाही.