परदेशात व्यवसाय करणाऱ्यांना मायदेशाचे सरकार खरोखर काय देते?

आपण विचारले आहे की, परदेशात व्यवसाय थाटलेल्या आपल्या माणसांना भारत सरकार काही मदत करते, की केवळ संमेलने भरवते. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप चालवतो. आम्ही पंपांचे सुटे भाग करतो आणि त्यांतला बराच माल शारजात व्यापार करणाऱ्या माझ्या चुलतभावाकडे जातो. माझ्या अनुभवाने सांगतो, मदत आहे आणि ती मोलाची आहे. पण ती बहुतेक नियमांतल्या सवलतींच्या रूपाने मिळते, आणि इथे राहून त्याचे काम सांभाळणाऱ्या माणसाचा विचार तिच्यात फारसा झालेला नाही.

सर्वांत मोठी सोय भांडवलाची आहे. अनिवासी भारतीयाने मुद्दल परत न नेण्याच्या अटीवर गुंतवलेला पैसा फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारांविषयीच्या, कायद्याखालील नियमांनुसार देशी गुंतवणुकीसारखाच धरला जातो. याच तरतुदीमुळे भाऊ आमच्या पेढीत भागीदार झाला आणि आम्हाला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे, मशीन घेता आले. त्याच्या नफ्याचा वाटा कर भरून तो बाहेर नेऊ शकतो, शिवाय एनआरओ खात्यातून, म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातल्या उत्पन्नाच्या बँक खात्यातून, आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. शेतजमिनीचे मात्र तसे नाही. ती अनिवासी माणसाला वारशाने मिळते, विकत घेता येत नाही. खानापूर किंवा चंदगडकडे चार एकर घेऊन ठेवू, असे मनात असणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

दुसरी सोय व्यापाराची. भारत आणि संयुक्त अरब अमिरात यांच्यातला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू झाला, आणि ज्या मालावर तिकडे साधारण ५ टक्के आयात शुल्क लागत होते, त्यातला बहुतेक माल शुल्कमुक्त झाला. त्यासाठी माल भारतातच तयार झाल्याचा दाखला लागतो. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कुठून आले, त्यावर इथे काय काम झाले आणि त्याला किती खर्च आला, हे सगळे कागदावर दाखवावे लागते. आमची कास्टिंगे इथल्याच फौंड्रीतून येतात, म्हणून हा हिशेब आम्हाला जड जात नाही. निर्यातीवर जीएसटीही द्यावा लागत नाही. त्यासाठी दरवर्षी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरून ठेवले की झाले.

अडते ते घरच्या कागदांवर. कर्जासाठी वडिलोपार्जित जागा तारण ठेवायची होती आणि तिच्यात भावाचा हिस्सा होता. त्याने दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात वटमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवले. असे पत्र कर्नाटकात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरता येते, असे कायदाच सांगतो. तरीही एका कार्यालयात मला भावालाच समक्ष आणायला सांगितले. शेवटी वकिलाने कलम दाखवले तेव्हा काम पुढे सरकले, पण तोवर मंजूर कर्जाची मुदत टळत आली होती. सरकारने परदेशातल्या आपल्या माणसासाठी दार उघडले आणि त्याच्या भावाला मात्र खिडकीशी ताटकळत ठेवले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

केरळने १९९६ साली प्रवासी केरळीयांसाठी स्वतंत्र विभागच काढला. परतलेल्यांना उद्योगासाठी ३० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला १५ टक्के, पण जास्तीत जास्त ३ लाखांचे, भांडवली अनुदान त्यांच्या योजनेत आहे. कर्नाटकातही अनिवासी भारतीय समिती आहे, पण ती बेंगळुरूला. आमचे कारखाने कर्नाटकात असल्याने महाराष्ट्राच्या उद्योगविषयक सवलती आम्हाला लागू होत नाहीत. म्हणून माझी मागणी एवढीच की, २०१२ साली उभ्या राहिलेल्या बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये या समितीचे एक कायमचे कार्यालय असावे, आणि तिथे मुखत्यारपत्र, पहाणी उतारा (कर्नाटकातला सातबारा) व बँकेचे कागद जाणणारा, कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारा अधिकारी बसावा.

तोवर आपल्या घरचे कोणी बाहेर व्यवसाय करत असेल, तर ते पुढच्या सुट्टीला येतील तेव्हाच इथल्या सब-रजिस्ट्रारकडे नेमक्या कामांचा उल्लेख असलेले मुखत्यारपत्र नोंदवून घ्या आणि भागीदारीचा करारही त्याच खेपेला उरकून टाका.